टॅलीत नफा, खात्यात खडखडाट: कारखान्यासाठी १३ आठवड्यांचं रोकड-नियोजन

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे हिशेब मी काही वर्षं बघत होतो. त्यातलं एक वर्ष त्यांचं सगळ्यात चांगलं गेलं. ऑर्डरी दीडपट, दोन पाळ्या, नवीन व्हीएमसी मशीन. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पगार चार दिवस लांबला. सगळ्यात मोठा ग्राहक पैसे बुडवणारा अजिबात नव्हता. त्याच्याकडे हिशेबाचं नवं सॉफ्टवेअर बसत होतं, म्हणून दोन आठवडे तिथून कुणालाच पेमेंट सुटलं नाही. आम्हाला ते पगाराच्या आदल्या दिवशी कळलं. ग्राहकाने मात्र महिनाभर आधीच मेल पाठवला होता. तो आमच्या सेल्सच्या माणसाकडे पडून होता, कारण त्याच्या दृष्टीने ती अकाउंट्सची भानगड होती.

मोठ्या कंपन्यांत या कामासाठी ट्रेझरी नावाचा वेगळा विभाग असतो. पैसा कधी येणार, कधी जाणार, मध्ये कुठे ठेवायचा आणि कमी पडला तर कुठून आणायचा, एवढंच तो दिवसभर बघतो. १०-२० कोटींच्या उद्योगात हेच काम मालकाचं डोकं, अकाउंटंटची वही आणि सीसी खातं (कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसं उचलायचं बँकेचं कर्ज) मिळून करतात. त्यासाठी वेगळा माणूस ठेवायची गरज नाही. एक तक्ता आणि सोमवारची पाऊण तासाची बैठक पुरते. ती कशी बसवायची, ते एका उदाहरणातून सांगतो.

उदाहरणातला कारखाना असा: वाहनांचे सुटे भाग बनवतो, वर्षाची विक्री १८ कोटी, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे दर महिन्याला दीड कोटींचा माल आणि १ कोटी ७७ लाखांची बिलं. खरेदी महिन्याला ९० लाखांची, जीएसटीसह साधारण १ कोटी ६ लाख. बँकेचं सीसी लिमिट ३ कोटी, व्याज साडेदहा टक्के. आकडे मी सोयीसाठी घेतलेत, पण अशा कारखान्यांत साधारण याच घरातले सापडतील.

आधी आपला पैसा नेमका कुठे आहे ते एका कागदावर आणा

हे काम अर्ध्या दिवसाचं आहे आणि दरवेळी काहीतरी विसरलेलं हाती लागतं. सगळी चालू खाती, सीसी, एफडी, एलसी (पुरवठादाराला बँकेने दिलेली पैशाची हमी) आणि बँक गॅरंटीसाठी बँकेत अडकवलेली मार्जिनची रक्कम, महावितरणकडची सुरक्षा ठेव, ग्राहकांनी बिलातून धरून ठेवलेली रक्कम, म्हणजे रिटेन्शन. प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहा: हा पैसा उद्या दुपारपर्यंत वापरता येईल का? एका ठिकाणी तीन वर्षांपूर्वी संपलेल्या कामाची बँक गॅरंटी अजून जिवंत होती. तिच्यापोटी ९ लाखांची एफडी अडकलेली आणि वर दर तिमाहीला कमिशन कापलं जात होतं. मूळ कागद परत आणून बँकेत दिला आणि आठवड्यात रक्कम मोकळी झाली.

टॅलीतली, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली, बँक शिल्लक आणि बँकेतली शिल्लक एक नसते, हे प्रत्येक अकाउंटंटला माहीत असतं. मालकाला नसतं, आणि निर्णय मालक घेतो. म्हणून या कागदावर बँकेचाच आकडा घ्या. दिलेले पण अजून न वटलेले चेक त्यातून वजा करा.

पैशाचा फेरा किती दिवसांचा आहे ते मोजा

लोखंड आणल्यापासून ग्राहकाचे पैसे खात्यात येईपर्यंत किती दिवस जातात? आपल्या कारखान्यात कच्चा माल २० दिवस पडून असतो. चालू काम आणि तयार माल मिळून १५ दिवस. ग्राहक पैसे द्यायला ६८ दिवस घेतो. आपण पुरवठादारांना सरासरी २५ दिवसांनी देतो. २० अधिक १५ अधिक ६८, उणे २५, म्हणजे ७८ दिवस. तेवढे दिवस धंदा आपल्या किंवा बँकेच्या पैशावर चालतो.

यातला ६८ हा आकडा नीट बघा. पीओवर, म्हणजे ग्राहकाच्या खरेदी ऑर्डरवर, ४५ दिवस लिहिलेत. वरचे २३ दिवस कुणीही कबूल केलेले नाहीत, ते नुसते पडत गेलेत. दिवसाची बिलं जीएसटीसह ५ लाख ९० हजारांची, म्हणजे या २३ दिवसांत सुमारे १ कोटी ३५ लाख रुपये अडकून आहेत. साडेदहा टक्क्यांनी त्याचं वर्षाचं व्याज सव्वाचौदा लाख होतं. मालक मंडळी पुरवठादाराशी किलोमागे पन्नास पैशांवरून तासभर घासाघीस करतात. या सव्वाचौदा लाखांवर मात्र कुणी बोलत नाही, कारण नफा-तोट्याच्या पत्रकात त्याची स्वतंत्र ओळ नसते. ते व्याजखर्चात विरघळून जातं.

१३ आठवड्यांचा तक्ता

१३ आठवडे म्हणजे एक तिमाही. त्यात तीन पगार येतात, तीनदा जीएसटी येतो, आणि अॅडव्हान्स टॅक्सची, म्हणजे आयकराच्या आगाऊ हप्त्याची, एक तारीखही येते. महिन्याचा तक्ता करू नका. महिनाअखेर शिल्लक छान दिसते आणि १८ तारखेला चेक परत जातो, असं होतं. आठवड्यानेच बघा.

जाणारा पैसा भरायला सोपा, कारण त्याच्या तारखा ठरलेल्या आहेत. ७ तारखेला टीडीएस, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला जीएसटीचं ३बी (महिन्याचं विवरणपत्र आणि कर), महिनाअखेर व्यवसायकर. अॅडव्हान्स टॅक्स १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला, वर्षाच्या कराच्या एकत्रित १५, ४५, ७५ आणि १०० टक्के. पगार, मशीनचा हप्ता, वीजबिल, भाडं. आणि हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे सीसीचं व्याज. ते महिनाअखेर आपोआप नावे पडतं, कुणी चेक लिहीत नाही, म्हणून तक्त्यातून निसटतं. दोन कोटी वापरात असतील तर ते पावणेदोन लाख आहेत.

येणारा पैसा भरताना खरं कसब लागतं. टॅलीतली ड्यू डेट उचलून तक्त्यात टाकली की तक्ता पहिल्याच आठवड्यात खोटा ठरतो. पार्टी प्रत्यक्षात कशी वागते ते लिहायचं. मी बघितलेल्या सगळ्यात चांगल्या अकाउंटंटकडे शंभर पानी वही होती, पार्टीमागे एक पान. एका पानावर असं लिहिलेलं: "पेमेंट रन फक्त ७ आणि २२. बिल ३ तारखेच्या आत पास पाहिजे, नाहीतर पुढच्या रनला. स्टोअरचे शिंदे रजेवर असले की जीआरएन थांबतो. मार्चमध्ये २५ नंतर काहीही सुटत नाही." पेमेंट रन म्हणजे ग्राहक सगळी पेमेंट एकदम सोडतो तो ठरलेला दिवस, आणि जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची स्टोअरची नोंद. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये अशी माहिती नसते, आणि अकाउंटंट नोकरी सोडून गेला की तीही जाते. म्हणून ती वही तक्त्यातच एका रकान्यात उतरवून घ्या.

उशिराचं कारण शोधायला गेलं की बहुतेक वेळा ते पैशाचं नसतंच. एकदा ११ लाखांचं बिल दीड महिना अडलं होतं. अकाउंट्सला फोन केला की उत्तर एकच, "प्रोसेसमध्ये आहे." शेवटी आमच्या अकाउंटंट मॅडमनी अकाउंट्स सोडून थेट त्यांच्या स्टोअरला फोन लावला.

"दादा, चलन ४१२ चा जीआरएन झालाय का बघता का जरा?"

"मॅडम, त्यात दोन नग कमी आलेत ना. म्हणून होल्डवर टाकलंय."

"अहो, मग सांगायचं नाही का!"

"आम्हाला कुणी विचारलंच नाही."

दोन नगांची क्रेडिट नोट (बिलातून तेवढी रक्कम कमी केल्याचा कागद) तासाभरात गेली आणि पुढच्या रनला पैसे आले. दोन नगांची किंमत होती ३८० रुपये. तेव्हापासून त्या कारखान्यात एक नियम झाला: माल पोचल्यावर तिसऱ्या दिवशी स्टोअरला फोन, जीआरएन झाला का एवढंच विचारायला. ड्यू डेटनंतर केलेल्या दहा फोनांपेक्षा हा एक फोन जास्त पैसा आणतो, असा माझा अनुभव आहे.

आता आपल्या कारखान्याचे ऑक्टोबरचे चार आठवडे बघू. आकडे लाखांत आहेत. सुरुवातीची "शिल्लक" म्हणजे सीसीत वापरायला उरलेली रक्कम.

| | आठवडा १ | आठवडा २ | आठवडा ३ | आठवडा ४ |
|---|---|---|---|---|
| सुरुवातीची शिल्लक | ३८ | ३२.५ | ३८.५ | ३३.५ |
| येणार | ३९ | ४४ | ३६ | ४० |
| पुरवठादार | २५ | २६ | २५ | २४ |
| पगार, बोनस | १८ | – | – | १५ |
| सरकारी देणी | १.५ | ३ | ११ | – |
| हप्ता, वीज, व्याज, इतर | – | ९ | ५ | १० |
| अखेरची शिल्लक | ३२.५ | ३८.५ | ३३.५ | २४.५ |

दिसायला ठीक आहे. आता तिसऱ्या आठवड्यातल्या ३६ लाखांपैकी २२ लाख एकाच पार्टीचे आहेत आणि ते दोन आठवडे पुढे सरकले, असं समजा. तिसऱ्या आठवड्याअखेर शिल्लक ११.५ वर येते आणि चौथ्याअखेर अडीच लाखांवर. पुढच्या आठवड्यात १८ लाखांचा पगार उभा आहे. ज्या ऑक्टोबरची गोष्ट मी वर सांगितली, त्याचा सांगाडा असाच होता. तक्ता असता तर हे पाच आठवडे आधी दिसलं असतं. पाच आठवड्यांत माणूस चार दारं ठोठावू शकतो. आदल्या दिवशी फक्त मेहुण्याला फोन करता येतो.

म्हणून तक्ता दोनदा करा: एक अंदाजाप्रमाणे आणि एक सगळ्यात मोठी पार्टी दोन आठवडे उशिरा देईल असं धरून. दुसऱ्यात शिल्लक उणे जात असेल तर तयारी आजच सुरू.

हातात किती रक्कम राखून ठेवायची, यावर पुस्तकी सूत्रं बरीच आहेत. मी साधी रीत वापरतो. गेल्या १२ महिन्यांत कुठल्याही एका आठवड्यात अंदाज आणि प्रत्यक्ष यांत जास्तीत जास्त किती फरक पडला ते बघायचं आणि तेवढी रक्कम कायम राखायची. इथे फरक २२ लाखांचा आहे, म्हणून २५ लाख धरू. वरच्या तक्त्यात चौथ्या आठवड्यात पार्टी वेळेवर देऊनही आपण या रेषेच्या खाली आहोत, हेही त्यामुळे लक्षात येतं.

जीएसटीबद्दल एक गोष्ट. २८ जूनला काढलेल्या बिलाचा कर २० जुलैला भरावा लागतो, म्हणजे २२ दिवसांत. ६८ दिवसांच्या हिशेबाने त्या बिलाचे पैसे ४ सप्टेंबरला येतात. दीड महिना आपण ग्राहकाचा कर खिशातून भरून बसतो. तोच माल १ जुलैला निघाला तर कर २० ऑगस्टवर जातो. बिलाच्या तारखांशी खेळ करा असं मी मुळीच सांगत नाही. माल निघेल त्या दिवशीच बिल झालं पाहिजे. पण महिनाअखेर विक्रीचा आकडा फुगवण्यासाठी ट्रक ढकलण्याची जी सवय असते, तिची ही किंमत आहे. ग्राहकाला घाई नसेल तर तीन दिवस थांबायला काय हरकत आहे?

लिमिट ३ कोटींचं, पण हातात किती?

सीसी लिमिट ही वरची मर्यादा. खरी रक्कम ठरवते ती ड्रॉइंग पॉवर, म्हणजे डीपी, आणि ती दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून निघते. आपला साठा १ कोटी २० लाखांचा. त्यातून पुरवठादारांचं देणं, ८८ लाख ५० हजार, वजा. उरले ३१ लाख ५० हजार. त्यावर २५ टक्के मार्जिन (बँक ज्यावर कर्ज देत नाही तो हिस्सा) कापून मिळाले २३ लाख ६० हजार. येणी ४ कोटी, पण त्यातली ४५ लाखांची बिलं ९० दिवसांपुढची, ती बँक धरत नाही. उरलेल्या ३ कोटी ५५ लाखांवर ४० टक्के मार्जिन कापून २ कोटी १३ लाख. एकूण डीपी २ कोटी ३६ लाख ६० हजार. लिमिटपेक्षा ६३ लाखांनी कमी. मार्जिनचे टक्के आणि दिवसांची मर्यादा बँकेगणिक वेगळी असते, तुमची मंजुरीपत्रात लिहिलेली असेल. ते पत्र फाइलमधून काढून एकदा शांतपणे वाचा. मालकांपैकी फार थोड्यांनी ते वाचलेलं असतं.

यातली मेख अशी. ३० लाखांचं एखादं बिल ९१ व्या दिवसात गेलं की ते ३० लाख तर आलेले नसतातच, शिवाय डीपी १८ लाखांनी घटते. एका उशिराचा फटका दोनदा बसतो. म्हणून वसुलीची यादी रकमेप्रमाणे लावू नका. ७५ ते ९० दिवसांत कोण आहे ते सगळ्यात वर ठेवा.

स्टॉक स्टेटमेंट वेळेवर द्या. तीन महिन्यांपेक्षा जुन्या स्टेटमेंटवर काढलेली डीपी बँक अनियमित धरते. खातं डीपी किंवा लिमिट यांतल्या कमी आकड्याच्या वर सलग ३० दिवसांहून जास्त राहिलं तर एसएमए-१ (थकण्याच्या वाटेवरचं खातं), ६० दिवसांनंतर एसएमए-२ आणि ९० नंतर एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. ही नोंद तुमच्या एका बँकेपुरती राहत नाही. आणि साठा फुगवून दाखवायचा मोह होतो, तो टाळा. स्टॉक ऑडिटला येणारा माणूस गोडाऊनमधल्या धुळीवरूनसुद्धा बरंच ओळखतो.

खड्डा दिसला, आता भरायचा कसा

सगळ्यात आधी आपलेच पैसे. अडकलेली बिलं, न विकला जाणारा माल, भंगार. शेडच्या मागे पडलेला स्क्रॅप विकून पगार झाल्याचं मी पाहिलंय.

मग ट्रेड्स. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारा हा बिल वटवायचा मंच आहे. आरएक्सआयएल, एमवनएक्स्चेंज आणि इन्व्हॉइसमार्ट ही त्यातली परिचित नावं. बिल तिथे चढवायचं, ग्राहकाने ते मान्य करायचं, मग बँका आणि वित्तसंस्था त्यावर व्याजदराची बोली लावतात आणि पैसे साधारण पुढच्या कामाच्या दिवशी जमा होतात. दर ठरतो तो ग्राहकाच्या पतीवर. म्हणून मोठ्या कंपनीचं बिल असेल तर तो सीसीपेक्षा स्वस्त पडू शकतो. शिवाय ग्राहकाने पैसे बुडवले तर वित्तसंस्था तुमच्या दारात येत नाही. २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना यावर नोंदणी सक्तीची आहे. ती मर्यादा आधी ५०० कोटी होती, नोव्हेंबर २०२४ मध्ये खाली आणली. पण नोंदणी असणं आणि बिल मान्य करणं यात अंतर आहे. ग्राहकाच्या फायनान्सच्या माणसाशी आधी बोलून घ्यावं लागतं.

इथे एक खाचखळगा आहे. तुमची येणी सीसीसाठी बँकेकडे तारण असतात. त्यामुळे बँकेची ना-हरकत घ्या आणि ट्रेड्सवर वटवलेलं बिल स्टॉक स्टेटमेंटच्या येण्यांतून काढा. एकाच बिलावर दोन ठिकाणी पैसे उचलले, असं दिसलं तर खुलासे करता करता नाकी नऊ येतात. १० लाखांचं बिल वटवल्यावर डीपी ६ लाखांनी कमी होणार, म्हणजे निव्वळ हातात आले ४ लाख, हेही तक्त्यात दिसू द्या.

ग्राहक म्हणाला, "२ टक्के सोडा, ४५ दिवस आधी देतो," तर? २ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. ९८ रुपयांवर ४५ दिवसांसाठी २ रुपये म्हणजे वर्षाला साडेसोळा टक्के. सीसी साडेदहाने मिळत असताना हा सौदा फक्त अगदी गळ्याशी आल्यावर करायचा. उलट बाजूने बघा. स्टीलवाला म्हणतो, २५ ऐवजी ७ व्या दिवशी द्या, १ टक्का सोडतो. हे वर्षाला वीस टक्क्यांच्या वर जातं. सीसीत जागा असेल तर डोळे मिटून घ्या. गंमत म्हणजे मालक पहिला सौदा पटकन करतात आणि दुसरा नाकारतात, कारण लवकर पैसे द्यायला हात उचलत नाही.

पुरवठादारांना ताणणं हा सगळ्यात सोपा उपाय वाटतो, पण त्याला आता दात आलेत. एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. चुकलं की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीने, जी सगळे ४३बी(एच) म्हणून ओळखतात, मुदत उलटलेली रक्कम प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळत नाही. हे तुमच्या बाजूनेही वापरा. तुम्ही उत्पादक असाल आणि सूक्ष्म किंवा लघु गटात बसत असाल तर बिलावर उद्यम क्रमांक (लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचा) ठळक छापा. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठ्या कंपन्यांचे अकाउंट्सवाले अशी बिलं वर्ष संपण्याआधी फेडायला वेगळी काढतात.

बँकेकडून तात्पुरतं वाढीव लिमिट मिळतं, पण शाखेत जाऊन "साहेब, परवा पगार आहे" म्हटल्यावर मिळत नाही. तीन-चार आठवडे आधी, तक्ता घेऊन, कुठल्या तारखेला कुठल्या पार्टीच्या पैशाने ते फिटेल हे सांगत गेलात तर शाखा व्यवस्थापकालाही वरती शिफारस पाठवायला काहीतरी मिळतं.

पैसा उरला तर

सीसी वापरात असताना एफडी करणारे बरेच भेटतात. साडेदहाने कर्ज घेऊन साडेसहाने ठेव. मार्जिनसाठी लागत असेल तेवढी सोडली तर याला काही अर्थ नाही. उरलेला पैसा आधी सीसीत भरा.

पण याला एक अपवाद मी ठेवतो. सीसीत भरलेला पैसा डीपी टिकेपर्यंतच आपला. पुढच्या महिन्यात मोठं बिल ९० दिवस ओलांडणार असं दिसत असेल तर राखीव २५ लाखांतला काही भाग सीसीबाहेर, ओव्हरनाइट किंवा लिक्विड फंडात (अगदी थोड्या मुदतीच्या कर्जरोख्यांच्या म्युच्युअल फंडात) ठेवा, व्याजात थोडं नुकसान होऊ दे. लिक्विड फंडातून सात दिवसांच्या आत काढलं तर बारीकसा एक्झिट लोड (लवकर काढल्याचं शुल्क) लागतो आणि पैसे पुढच्या कामाच्या दिवशी मिळतात, हे धरून चला. जास्त परतावा दाखवणाऱ्या डेट फंडात राखीव पैसा नको. २३ एप्रिल २०२० ला फ्रँकलिन टेम्पलटनने सहा डेट योजना एका दिवसात बंद केल्या. पुढे पैसे टप्प्याटप्प्याने मिळाले, पण पगाराला टप्पे चालत नाहीत.

बँकेबाबतही तेच. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यामागे १,००० रुपये काढता येत होते. मुंबईतल्या कित्येक छोट्या व्यापाऱ्यांचं सगळं खेळतं भांडवल त्या एकाच खात्यात होतं. मार्च २०२० मध्ये येस बँकेत काही दिवस ५०,००० ची मर्यादा होती. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच. म्हणून दुसऱ्या बँकेत एक खातं आणि एका पगाराएवढी तरी सोय असावी असं माझं मत आहे. मात्र सीसी घेतलेल्यांनी बाहेर चालू खातं उघडण्यावर रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, तेव्हा आधी आपल्या बँकेला विचारा.

आयात-निर्यात असेल तर डॉलरचा तक्ता वेगळा ठेवा. येणारे डॉलर आणि जाणारे डॉलर एकाच महिन्यात जुळत असतील तर ते एकमेकांना सांभाळतात. न जुळणाऱ्या भागाचं फॉरवर्ड बुकिंग करा, म्हणजे पुढच्या तारखेचा दर बँकेशी आजच ठरवून टाका. रुपया कुठे जाईल यावर चहाच्या टपरीवर बोला, कारखान्याच्या पैशाने नको.

पैसे सोडताना दोन माणसं

नेट बँकिंगमध्ये पेमेंट भरणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, हे बँक फुकट बसवून देते. तरी बऱ्याच ठिकाणी मालकाचा पासवर्ड अकाउंटंटकडे आणि ओटीपीचा फोनही त्याच्याच टेबलावर असतो. आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालतं, म्हणजे रात्री अकराला गेलेला पैसाही गेलेलाच. पुरवठादाराचं "आमचं बँक खातं बदललंय" असं पत्र आलं तर त्या पत्रावरच्या नंबरवर फोन करू नका. आपल्याकडच्या जुन्या नंबरवर करा. एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस-एनईएफटी करण्याआधी खातेदाराचं नाव बघायची सोय आहे, तीही वापरा.

सोमवार, सकाळी दहा

मालक, अकाउंटंट, खरेदीचा माणूस आणि सेल्सचा माणूस. चौघंही हवेत. पहिल्या दहा मिनिटांत गेल्या आठवड्याचा अंदाज आणि प्रत्यक्ष शेजारी ठेवा. फरकापुढे कारण लिहा, आणि "पार्टीने दिले नाहीत" हे कारण धरू नका. जीआरएन अडला, रेट चुकला, पेमेंट रन हुकला, नवं सॉफ्टवेअर बसतंय, असं काहीतरी ठोस हवं. मग एक आठवडा गळतो, शेवटी एक नवा जोडला जातो, तक्ता कायम १३ चाच राहतो. खरेदीवाल्याने या आठवड्यात काय मागवलं ते सांगायचं आणि सेल्सवाल्याने ग्राहकाकडून आलेले सगळे मेल, त्याला बिनकामाचे वाटलेले धरून, टेबलावर ठेवायचे.

पहिले तीन-चार आठवडे अंदाज इतका चुकतो की तक्ता फेकून द्यावासा वाटतो. भोसरीच्या त्या कारखान्यात पहिल्या आठवड्यात ४० लाख येणार म्हणून लिहिले होते, आले २३. सहाव्या आठवड्यापर्यंत फरक चार-पाच लाखांवर आला. पार्ट्या आधीइतक्याच उशिरा देत होत्या, आम्ही फक्त त्यांच्या तारखा खऱ्या लिहायला लागलो होतो. पुढच्या वर्षी दिवाळीचा बोनस आठ दिवस आधी वाटला, तेव्हा कामगारांनी अकाउंटंट मॅडमना येऊन विचारलं, कंपनी विकली की काय.